कंपनीचा पट्टा

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी "ताप उतरला" म्हणाले आणि तू "बाप कुठे उतरला" असं विचारलंस. तेव्हापासून ठरवलंय, महत्त्वाचं काही असेल तर लिहायचंच. पंचवीस वर्षं ती मशीनं कानाशी धरून बसलास, कान तरी काय करतील बिचारे.

तर महत्त्वाचं हे, की ह्यांचं झाडं कापायचं मोठं मशीन परवा चालता चालता जाम झालं. दोरी ओढली तर हलतसुद्धा नाही. उद्या मालगाडीने तुझ्याकडे पाठवतोय. हे स्वतः लिहिणार नाहीत, तुला माहीतच आहे. झाड आडवं करायला सांग, लगेच करतील. चार ओळी लिहायला सांग, घाम फुटतो. त्यांचा निरोप एवढाच की पार्ट लोकल टाकले तरी चालतील, पण लवकर कर. तोडीचा हंगाम जेमतेम चार महिने, त्यातले पंधरा दिवस गेलेच. ठेकेदार थांबणारा माणूस नाही.

बाकी ठीक. माझी रोपवाटिका चालू आहे. मी रोपं लावते, हे झाडं पाडतात. सासूबाई म्हणतात, एकाने केलेलं दुसरा निस्तरतो. त्यांचे गुडघे दुखतात, पण जिभेला काही झालेलं नाही.

तुझी,
चिंगी

१५ फेब्रुवारी

चिंगे,

मशीन मिळालं, उघडलं. पिस्टनवर एका बाजूने उभे ओरखडे आहेत, रिंग जागीच चिकटून बसली आहे. मूळ दुखणं मात्र वेगळंच निघालं. आतलं एक ऑइल सील फाटलं होतं आणि तिथून इंजिन हवा ओढत होतं. हवा जास्त, तेल कमी, तापून तापून अडकलं. जो कारागीर नुसता पिस्टन बदलतो आणि सील बघत नाही, त्याच्याकडे तेच गिऱ्हाईक महिन्याभरात परत येतं. माझ्याकडे यायचं तर दुसऱ्याच कामासाठी यावं.

आता लोकलचं. जावईबापूंना सांग, लोकल म्हणजे टाकाऊ असं मी मानत नाही. हँडलचं रबर, एअर फिल्टर, दोरी, टाकीचं झाकण हे मी लोकल घातलंय. पिस्टन आणि सिलिंडर कंपनीचंच घातलंय, ते त्यांना सांगू नकोस. मशीन सुरू केलं की आवाजावरून त्यांना कळेल आणि मग ते मनातल्या मनात मला शिव्या देतील. देऊ देत.

राहिला ब्रेक. त्यांच्या डाव्या हातापुढे जी दांडी असते, ती मशीन उसळलं की मनगटाला लागून पुढे ढकलली जाते. आत एक पोलादी पट्टा असतो, तो त्याच क्षणी आवळतो आणि चेन जागच्या जागी थांबते. बोटभर रुंदीचा पट्टा, पण त्या एका पट्ट्यावर माणूस उभा असतो. तुमचा पट्टा झिजून एके ठिकाणी कागदासारखा झाला होता. काढून टाकला. नवा कंपनीचा पार्टवाल्या आजोबांकडे संपलाय, दहा-बारा दिवसांत येईल. तुमची घाई बघून मशीन पट्ट्याशिवाय पुढे पाठवतोय, पट्टा मागाहून टपालाने येईल. बसवायला दोन स्क्रू, त्यांना येतं. तोवर मशीन जंगलात न्यायचं नाही.

आणि बाजारातून लोकल पट्टा आणून लावायचा नाही. माझं नाव घेऊन सांग त्यांना. खोट्या पट्ट्यापेक्षा ब्रेक नसलेला बरा. ब्रेक नाही हे माहीत असलं की माणूस जपून राहतो. खोटा असला की त्याच्या भरवशावर हात पुढे जातो.

सोबत एक जादा प्लग माझ्याच खाकी कागदात बांधून ठेवलाय.

दादा

२७ फेब्रुवारी

दादा,

मशीन आलं. दोरी दुसऱ्यांदा ओढली आणि सुरू झालं. हे पाच मिनिटं नुसते ऐकत उभे होते. मग म्हणाले, "तुझ्या भावाने कंपनीचा घातलाय." आणि हसले. शिव्या मनातल्या मनात दिल्या असतील तर मला ऐकू आल्या नाहीत.

पण घरात आता सुख नाही. चांगलं मशीन समोर आणि हे रिकामे. अंगणात बसून चेनचे दात घासतात, घासून झाले की परत घासतात. सासूबाईंशी वाद, माझ्याशी वाद, दाराच्या कडीशीसुद्धा वाद. काल ठेकेदार येऊन गेला. सोमवारी आला नाहीत तर तुमच्या जागी दुसरा माणूस घेतो, म्हणाला. तेव्हापासून ह्यांनी ठरवलंय, ब्रेकशिवाय जायचं. मी लोकल पट्ट्याचं विचारून बघितलं, तर तुझंच वाक्य माझ्या तोंडावर फेकलं. म्हणाले, "दादांनीच लिहिलंय, खोट्यापेक्षा नसलेला बरा. मग झालं तर."

मला भीती वाटते रे. लवकर पाठव.

चिंगी

३ मार्च

चिंगे,

पट्टा आज आला, आजच टपालात टाकतोय. कंपनीचं बंद पाकीट आहे, वरची चकचकीत चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नाही. जावईबापूंना म्हणावं, चार दिवस ठेकेदाराची बोलणी खा, ती पचतात.

दादा

१० मार्च

दादा,

पाकीट मिळालं. मशीनला पट्टा बसवलेला आहे, काळजी करू नकोस. हे रोज कामावर जातात, संध्याकाळी दमून येतात आणि छान जेवतात. सासूबाई म्हणतात, घरात पुन्हा माणसं राहायला लागली.

वहिनीला नमस्कार.

चिंगी

१९ एप्रिल

चिंगे,

परत येऊन दोन आठवडे झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो. तुझ्या घरी दहा दिवस होतो, पण आपण दोघं धड बोललोच नाही. घर माणसांनी भरलेलं होतं आणि तू भिंतीकडे तोंड करून.

एक गोष्ट तुला तिथे सांगितली नाही, ती आता सांगतो, कारण उद्या दुसरं कोणी वेडंवाकडं सांगायच्या आत ती तुला माहीत असावी. त्यांच्याबरोबर काम करणारा तो उंच सोबती मला बाहेर घेऊन गेला होता. तो म्हणाला, झाड व्यवस्थित पडलं होतं. जावईबापू फांद्या छाटत होते. पालवीच्या आड दुसरी फांदी होती, तिला मशीनचं टोक लागलं आणि मशीन उसळलं. दांडी मनगटाला लागली, पुढेही गेली. आत काहीतरी टक्कन वाजलं. चेन फिरतच राहिली आणि मानेपाशी आली. पुढचं तुला माहीत आहे. ते दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत. मला सांगायचं आहे ते एवढंच की त्यांची चूक नव्हती. पाय नीट रोवलेले होते, दोन्ही हात हँडलवर होते. त्यांनी सगळं जसं करायचं तसं केलं होतं.

तुझ्या थोरल्या दिरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ब्रेकचा पार्ट कुणी दिला?" मी म्हणालो, "मी." त्यांनी पुढे जे म्हटलं ते म्हणायचा त्यांना अधिकार आहे, धाकटा भाऊ गेला त्यांचा. तू मान खाली घातलीस, एक शब्द बोलली नाहीस. चिंगे, मला समजलं ते. माझी बाजू घेता येत नव्हती आणि मला दोषही द्यायचा नव्हता. मनात काही ठेवू नकोस.

मशीन मी माझ्याबरोबर आणलंय. अजून पोत्यातच आहे. उघडायचा धीर होत नाही.

दादा

६ मे

दादा,

मी कामावर जाऊ लागले. घरात बसवत नाही.

ते मशीन उघडू नकोस. भंगारात देऊन टाक. उघडून काय मिळणार आहे? गेलेलं माणूस त्यातून निघणार नाही. एवढं ऐक माझं.

चिंगी

२४ मे

चिंगे,

तुझं ऐकलं नाही. ज्या मशीनला मी हात लावला, त्याचं काय झालं हे न बघता ते भंगारात देणं मला जमणार नव्हतं. काल उघडलं.

पट्टा दोन तुकड्यांत मिळाला. चांगलं पोलाद तुटायच्या आधी वाकतं, ताणतं, सूचना देतं. हा बिस्किटासारखा तुटलाय. तुटलेली कड दाणेदार आहे आणि कंपनीचा ठोकलेला नंबर कुठेही नाही. हा पट्टा कंपनीचा नाही, चिंगे. खोटा आहे. अगदी साधा, बाजारात खिळ्याला जुडगा लटकवून विकतात तसला.

मी दिवसभर विचार केला. पाकीट माझ्या हातून गेलं. वर कंपनीचं नाव होतं, चिकटपट्टी शाबूत होती, म्हणून मी ते उघडून बघितलं नाही. हल्ली खोटा माल हुबेहूब खऱ्या पाकिटात घालून विकतात हे मला माहीत होतं. मीच चार गिऱ्हाइकांना सांगत असतो, पाकिटावर जाऊ नका, वस्तू हातात घ्या. आणि स्वतःच्या बहिणीच्या घरी पाठवताना मी वस्तू हातात घेतली नाही. घेतली असती तर वजनावरूनच कळलं असतं. एवढंसं काम होतं.

आज सकाळी पार्टवाल्या आजोबांच्या दुकानात गेलो. बावीस वर्षं मी त्यांच्याकडून माल घेतोय. गल्लीतल्या सगळ्यांसमोर त्यांना नको नको ते बोललो. ते एकच म्हणत राहिले, "माझ्याकडून असं जाणार नाही." मी तुटके तुकडे त्यांच्या गल्ल्यावर टाकून आलो.

पण खरं सांगायचं तर त्यांचा दोष नंतरचा. तुझ्या दिरांना मी "मी" म्हणालो तेव्हा ते नुसतं उत्तर होतं. आता ते खरं आहे.

दादा

२ जुलै

चिंगीवन्सं,

मी कधी पत्र लिहीत नाही, तुम्हा भावा-बहिणीच्या मधे कशाला, असं वाटतं. पण आता लिहायलाच हवं.

ह्यांनी दुकान बंद केलंय. गिऱ्हाइकांची मशीनं एकेक करून परत नेऊन दिली, अर्धवट उघडलेलीसुद्धा. वखारीच्या वजनकाट्यावर नोकरी धरली आहे. दिवसभर गाड्यांचे नंबर लिहितात. घरी येऊन ताटावर बसतात आणि भात चिवडत राहतात. परवा पाण्याच्या नळाचा वायसर बदलायचा होता, तर मला म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी बोलाव, माझ्या हाताचा भरवसा नाही.

पार्टवाल्या आजोबांचं तर मला बघवत नाही. ह्यांच्या बोलण्यामुळे गल्लीतले इतर कारागीरही त्यांच्याकडे जायचे थांबले. म्हाताऱ्याने काय केलं असेल? दुकानातलं एकेक बंद पाकीट स्वतः फोडून बघितलं. चाळीस पाकिटं. सगळी खरी निघाली. ती पेटीत भरून आमच्या घरी घेऊन आले आणि ह्यांच्यापुढे मांडली. म्हणाले, बघ बाबा, हातात घेऊन बघ. ह्यांनी सगळी बघितली आणि म्हणाले, "म्हणजे नेमकं माझंच खोटं होतं." आजोबा पेटी उचलून निघून गेले.

वन्सं, तुमचं दुःख केवढं आहे ते मला कळतं. त्यात ही भर घालू नये. पण दोन शब्द लिहा त्यांना, की तुमचा राग नाही. तुमचं ऐकतील.

तुमची,
वहिनी

१४ जुलै

दादा,

वहिनीचं पत्र माझ्या पिशवीत आठ दिवस फिरतंय. तिने लिहिलंय, राग नाही एवढं कळव. तेवढंच कळवून मोकळं होता आलं असतं. तीनदा तसं लिहिलंही.

तो पट्टा तू पाठवलेला नव्हता. मी आणला होता.

सोमवारी ठेकेदाराकडे जायचं आणि ब्रेकशिवाय जायचं, हे ह्यांचं ठरलं होतं. शनिवारी मी रोपवाटिकेतून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि बसने बाजारात गेले. तू म्हणतोस तसंच, खिळ्याला जुडगा लटकलेला होता. दुकानदाराला मशीनचा नंबर सांगितला, त्याने एक काढून दिला. मला वाटलं, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. पण हे लावणार नाहीत हे मला माहीत होतं. तुझं वाक्य त्यांना पाठ झालं होतं. मग तू प्लग ज्या खाकी कागदात बांधला होतास, तो मी जपून ठेवला होता. त्यावर तुझ्या अक्षरात आमचं नाव होतं. त्या कागदात पट्टा गुंडाळला आणि संध्याकाळी त्यांच्या हातात दिला. मी म्हणाले, दादाने पाठवलाय.

त्यांनी तो तळहातावर घेतला, वरखाली केला. म्हणाले, "हलका वाटतो गं." मग स्वतःच म्हणाले, "दादांनी पाठवलाय म्हणजे बघूनच पाठवला असेल." आणि बसवला.

हे एवढंच असतं तर कदाचित मी स्वतःला समजावलं असतं, की भीतीपोटी केलं. पण पुढच्या शुक्रवारी तुझं खरं पाकीट आलं. मी घरी एकटीच होते. मी ते शिवणयंत्राच्या खणात ठेवलं. म्हटलं, रविवारी सुट्टी असते, तेव्हा शांतपणे सांगेन. पहिल्या रविवारी थोरले दीर आले होते, चारचौघांत कसं सांगणार. दुसऱ्या रविवारी हे इतके खुशीत होते, मुकादमाने त्यांच्या कामाचं कौतुक केलं होतं, मला ते मोडवेना. तिसऱ्या रविवारी मी खण उघडलासुद्धा. हे पडवीत बसून मशीनच पुसत होते. मी पाकीट हातात घेतलं आणि परत ठेवलं. ते गेले तो त्यानंतरचा सोमवार.

तीन रविवार, दादा. दोन स्क्रू.

मी तुला "पाकीट मिळालं" लिहिलं आणि "पट्टा बसवलेला आहे" लिहिलं. दोन्ही खरं होतं. लिहून झाल्यावर मला स्वतःच्या हुशारीचं बरंसुद्धा वाटलं होतं.

दिरांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. तू म्हणतोस तसं त्यात काही नव्हतं. मी वाट बघत होते, की तू "मी" म्हणशील. तू म्हणालास आणि माझा जीव भांड्यात पडला. असं मी तुझ्याशी वागले.

तुझं पाकीट यासोबत परत पाठवतेय. उघडलेलं नाही. आजोबांना दाखव. मला एकच सांग. हा असता तर चेन थांबली असती का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

चिंगी

३० सप्टेंबर

चिंगे,

उत्तराला उशीर झाला. मुद्दामच झाला.

तुझं पत्र मी वजनकाट्यावर वाचलं. काट्यावर गाडी उभी होती. ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता, मला नुसतं त्याचं तोंड हलताना दिसत होतं. नंबर न लिहिताच त्याला जा म्हणालो. घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं, मला बहीण नाही. दोन महिने मी ते वाक्य मनात तसंच ठेवलं होतं.

आधी आजोबांकडे गेलो. गल्लीतल्या सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागितली. ते मग म्हणाले, "फोडलेली पाकिटं आता कोण घेणार?" मी म्हणालो, मी घेतो. ती वापरायची तर दुकान उघडायला हवं, म्हणून दुकान उघडलं. आजोबा पूर्वीसारखे बोलत नाहीत. माल देतात, बिल देतात. त्यांचं बरोबर आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर. मी खोटं लिहिलेली दोन पत्रं फाडली. तुला कळलं असतं. तू पाठवलेलं पाकीट उघडलं, पट्टा काढला आणि त्याच मशीनला बसवला. मशीन पूर्ण वेगात सोडून दांडी पुढे ढकलली. तीस वेळा. तिसाही वेळा चेन जागेवर थांबली.

थांबली असती, चिंगे.

आता माझंही ऐक. लोकल पट्टा लावू नका, एवढं लिहून मी थांबलो असतो तर चाललं असतं. पण मला मोठं वाक्य लिहायची हौस. खोट्यापेक्षा नसलेला बरा, हे मी लिहिलं. ते जावईबापूंनी ब्रेकशिवाय जायला वापरलं आणि त्याच वाक्यामुळे तुला पट्टा माझ्या कागदात गुंडाळावा लागला. शिवाय हंगामात लाकूडतोड्याच्या हाती बिनब्रेकचं मशीन पाठवलं ते मी. जंगलात नेऊ नका असं लिहिलं की माझं काम संपलं, असं मला वाटलं. मशीन इथेच ठेवून घेतलं असतं तर त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या आणि पंधरा दिवसांनी नेलं असतं. हे तुझं ओझं हलकं करायला लिहीत नाही. ते आहे, म्हणून लिहितोय.

तुझ्या सासरी अजून माझंच नाव आहे. ते तसंच राहू दे म्हणालीस तर मी जन्मभर गप्प बसेन. पण तेव्हा, दिरांनी विचारलं त्या दिवशी, दोष माझ्यावर राहू देऊ का हे तू मला विचारायला हवं होतंस. मी हो म्हणालो असतो.

राग गेला असं मी लिहिणार नाही. पण मला बहीण नाही हे मी वहिनीला म्हणालो होतो, ते काल परत घेतलं. आत्ता लगेच येऊ नकोस. मी बोलावेन.

दादा

२० ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. उत्तर मिळालं. बरं झालं खरं लिहिलंस.

त्याच दिवशी घरी सांगितलं. दिरांना निरोप पाठवून बोलावून घेतलं, सासूबाई होत्याच. मी उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर मधेच थांबले असते. दीर ऐकून उठले आणि चपला घालून निघून गेले. त्यानंतर ते आलेले नाहीत. तुझी माफी मागायला हवी, असं त्यांनी कुणाजवळ तरी म्हटल्याचं कानावर आलंय, पण माझ्याशी बोलत नाहीत.

सासूबाई हलल्या नाहीत. मला वाटलं होतं, रडतील, मला घराबाहेर काढतील. मी त्याची तयारीसुद्धा केली होती, दोन साड्या वेगळ्या घडी करून ठेवल्या होत्या. त्या मग म्हणाल्या, "त्याला सांगितलं असतंस तर रागावला असता. एवढंच ना गं?"

मी हो म्हणाले.

त्यांनी परत काही विचारलं नाही. आम्ही दोघी एकाच घरात राहतो. त्यांच्या गुडघ्यांना तेल मीच लावते, त्या पाय पुढे करतात आणि तोंड खिडकीकडे फिरवतात. पूर्वी जीभ थांबायची नाही. आता दिवसाकाठी चार शब्द, तेही कामापुरते.

ह्या आठवड्यात रोपवाटिकेत माझ्या हातून एक चूक झाली. खत दुप्पट पडलं आणि सागाचा एक अख्खा वाफा जळाला, सहाशे रोपं. बघितलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आसपास कोणी नव्हतं. आठवडाभराच्या कडक उन्हावर ढकलता आलं असतं. मी हात धुतले आणि तशीच साहेबांच्या खोलीत गेले. ते तासभर रागावले. बाहेरच्या बायकांना ऐकू जाईल असं रागावले. मी टेबलाची कड धरून उभी होते आणि ऐकत होते. मग त्यांना दुसरं काम आलं, ते गेले. मी वाफ्यावर जाऊन बसले आणि जळलेली रोपं एकेक करून उपटायला लागले.

चिंगी